राष्ट्रपती येतात तेव्हा

भारताचे राष्ट्रपती अमुक ठिकाणी आले, त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थिकलशास वंदन केले, चार शब्द बोलले आणि दिल्लीस परतले, अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते. सोबत छायाचित्र असते. आपल्या वस्त्यांत ते छायाचित्र कापून जपून ठेवणारी वडीलधारी मंडळी आहेत, आणि "यातून आपल्या पदरात काय पडले?" असे विचारणारी तरुण मुलेही आहेत. दोन्ही बाजूंचे म्हणणे आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. छायाचित्र जपणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. पण मुलांचा प्रश्नही टाळण्यासारखा नाही. म्हणून राष्ट्रपतींचे दौरे म्हणजे नेमके काय असते, ते का काढले जातात आणि महाराष्ट्रात, विशेषतः आपल्या रायगड-रत्नागिरीच्या मुलखात, असे कोणते दौरे झाले, याची माहिती समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पदाविषयी. राष्ट्रपतिपद हे मोठे पद आहे हे सर्वांना ठाऊक असते. ते कशाने मोठे आहे हे मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. राज्यघटनेच्या ५२व्या कलमाने हे पद निर्माण केले, ५३व्या कलमाने संघराज्याची कार्यकारी सत्ता आणि संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य त्याच्याकडे दिले. आणि ७४व्या कलमाने ही सत्ता मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालेल अशी व्यवस्था केली. म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, असे कोणास वाटेल. खुद्द बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना याचा उलगडा केला होता. राष्ट्रपती हा राज्याचा प्रमुख आहे, पण राज्यकारभाराचा प्रमुख नाही. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो, राष्ट्रावर राज्य करीत नाही. राष्ट्राचे निर्णय ज्या मुद्रेने जाहीर होतात त्या मुद्रेवरील चिन्हासारखे त्याचे स्थान आहे, अशा आशयाचे विवेचन त्यांनी त्या भाषणात केले आहे.

मुद्रेचा हा दाखला आम्हां बँकेत काम करणाऱ्यांना चटकन समजतो. डिमांड ड्राफ्टवर अधिकाऱ्यांच्या सह्या आणि शाखेचा शिक्का नसेल तर तो कागद रद्दीच्या भावाचा. गिऱ्हाईक काऊंटरवर ड्राफ्ट हातात घेते तेव्हा आधी रक्कम पाहते आणि लगेच शिक्का पाहते. पण पैसे कोणाला द्यायचे, किती द्यायचे, हे शिक्का ठरवीत नाही. ते आधी खात्यावर ठरलेले असते. शिक्क्याने एवढेच सांगितलेले असते, की हा व्यवहार कोणा एका कारकुनाचा नाही, संपूर्ण बँकेचा आहे. राष्ट्रपतींच्या सहीचे आणि त्यांच्या उपस्थितीचे असेच आहे. ते जेथे जातात तेथे कोणत्याही पक्षाच्या किंवा मंत्र्याच्या वतीने जात नाहीत, राष्ट्राच्या वतीने जातात, अशी कल्पना आहे.

पंतप्रधानांचा दौरा आणि राष्ट्रपतींचा दौरा यांतील फरक यावरून लक्षात येईल. आपल्याच पनवेल तालुक्यातील नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले. पंतप्रधान हे कारभाराचे प्रमुख. ते काम केल्याचे सांगतात, पुढील कामे जाहीर करतात, विरोधकांना उत्तरही देतात, आणि ते त्यांच्या पदाला धरूनच आहे. राष्ट्रपती मते मागत नाहीत व योजना जाहीर करून टाळ्या घेत नाहीत. त्यांच्या दौऱ्यात होते ते वंदन, अनावरण, उद्घाटन, दीक्षान्त, निशाणप्रदान. कोणाला हे सारे पोकळ वाटेल. त्याविषयी पुढे लिहूच.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. मंत्री शपथ घेतात ती राज्यघटनेविषयी श्रद्धा व निष्ठा बाळगण्याची. राष्ट्रपतींची शपथ, जी ६०व्या कलमात दिली आहे, ती एक पाऊल पुढची आहे. राज्यघटनेचे जतन, संरक्षण आणि प्रतिरक्षण करण्याची व जनतेच्या सेवेला वाहून घेण्याची ती शपथ आहे. ज्याने संरक्षणाची शपथ घेतली, तो माणूस मसुदा समितीच्या अध्यक्षांच्या मूळ गावी जाऊन हात जोडतो, तेव्हा ती नुसती भेट राहत नाही.

दौऱ्याची तयारी कशी होते तेही थोडक्यात सांगतो. राष्ट्रपती भवनात राष्ट्रपतींच्या सैनिकी सचिवांकडे दौऱ्याची आखणी असते. राज्याच्या बाजूने राजशिष्टाचाराचे काम पाहणारे अधिकारी, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, सार्वजनिक बांधकाम खाते, आरोग्य खाते अशी सर्व मंडळी कामाला लागतात. मिनिटामिनिटाचा कार्यक्रम छापला जातो. विमानतळावर राज्यपाल व मुख्यमंत्री, किंवा त्यांच्या वतीने नेमलेले मंत्री, स्वागताला असतात. मानवंदना दिली जाते. औपचारिक समारंभात राष्ट्रपती येताना आणि जाताना राष्ट्रगीत वाजते. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ व्यासपीठावरचे आणि मांडवाबाहेरचे सारे सारखेच उभे असतात. मुंबईत राष्ट्रपतींचा मुक्काम मलबार हिलवर राज्यपालांच्या निवासस्थानी असतो.

राष्ट्रपतिपदाच्या या थाटामाटात आपल्या ओळखीच्या किती गोष्टी आहेत हे पाहून आम्हांस नेहमी नवल वाटते. १९५० ते १९७१ या काळात राष्ट्रपतींना स्वतःचे वेगळे निशाण होते. त्याचे चार भाग होते. एकात सारनाथचे सिंह, दुसऱ्यात हत्ती, तिसऱ्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यातील तराजू आणि चौथ्यात सारनाथचाच कमळांचा कुंभ. यातील हत्ती कोठला? तर आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांतला! चार चिन्हांपैकी तीन बौद्ध कलेतून घेतलेली होती. १५ ऑगस्ट १९७१ पासून ते निशाण बंद होऊन राष्ट्रध्वजच वापरात आला. राष्ट्रपती भवनाचा घुमटदेखील सांचीच्या स्तूपाची आठवण करून देणारा आहे, आणि तेथील पूर्वीच्या दरबार हॉलमध्ये (आताच्या गणतंत्र मंडपात) राष्ट्रपतींच्या आसनामागे भगवान बुद्धांची पाचव्या शतकातील मूर्ती उभी आहे. नव्या मंत्रिमंडळांचे शपथविधी आणि पद्म पुरस्कारांचे वितरण त्या मूर्तीच्या साक्षीने पुष्कळदा झाले आहे. १४ एप्रिल १९९० रोजी राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांच्या हस्ते बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न प्रदान करण्यात आले, ते माईसाहेब आंबेडकरांनी स्वीकारले. महापरिनिर्वाणानंतर तेहतीस वर्षांनी! उशीर झाला हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

महाराष्ट्रातील राष्ट्रपतींच्या दौऱ्यांचा इतिहास मुख्यतः मुंबई बंदरापासून सुरू करावा लागतो. राष्ट्रपती हे तिन्ही दलांचे सरसेनापती असल्याने आपल्या कारकीर्दीत ते नौदलाची पाहणी करतात. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी १९५३ साली मुंबईच्या समुद्रात अशी पहिली पाहणी केली. पुढे २००१ साली के. आर. नारायणन यांनी आणि २०११ साली प्रतिभाताई पाटील यांनी मुंबईतच नौदलाची मानवंदना स्वीकारली. पुण्याच्या लोहगाव तळावरून डॉ. अब्दुल कलाम यांनी २००६ साली आणि प्रतिभाताईंनी २००९ साली सुखोई विमानातून भरारी घेतली. साडी नेसणाऱ्या आपल्या खानदेशच्या प्रतिभाताई वैमानिकाच्या पोशाखात विमानात चढल्या, तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. शाळेतल्या मुलींनी तो फोटो जरूर पाहावा.

आपल्या समाजाच्या दृष्टीने पहिले मोठे नाव घ्यावे लागते ते के. आर. नारायणन यांचे. केरळातील उळवूर या खेड्यात गरीब दलित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा कित्येक मैल दूर, तेथे पायी जायचे. फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर उभे राहून शिकवणे ऐकायचे. असा हा मुलगा पुढे लंडनमध्ये हॅरॉल्ड लास्की यांच्या हाताखाली शिकला. त्याआधी त्यांनी मुंबईत पत्रकारिताही केली होती आणि १९४५ साली मुंबईतच महात्मा गांधींची मुलाखत घेतली होती. २५ जुलै १९९७ रोजी ते राष्ट्रपती झाले. अनुसूचित जातीतून या पदावर पोहोचलेले ते पहिले गृहस्थ. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते १८ डिसेंबर २००१ रोजी झाले. १९७८ साली सुरू झालेले ते बांधकाम, त्यासाठी लोकांनी दिलेली वर्गणी, आणि शेवटी उद्घाटनाला आलेला हा राष्ट्रपती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या मैदानावर लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, त्या मैदानावर पंचेचाळीस वर्षांनी देशाचा प्रथम नागरिक आला आणि तो कोठून आला होता हे तेथील प्रत्येक म्हातारीला माहीत होते.

प्रतिभाताईंच्या कारकीर्दीत दोन वास्तूंची उद्घाटने झाली, ती येथे नोंदवून ठेवतो. जानेवारी २००९ मध्ये गुलबर्गा, म्हणजे आताचे कलबुर्गी, येथील बुद्ध विहार, आणि ८ फेब्रुवारी २००९ रोजी मुंबईजवळ गोराई येथील विश्व विपश्यना पॅगोडा. या पॅगोडाच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि तेथे सुमारे ८,००० साधक एकाच वेळी बसू शकतात.

आता ज्यांच्या दौऱ्यांविषयी सविस्तर लिहावयाचे आहे त्या रामनाथ कोविंद यांच्याकडे वळू. उत्तर प्रदेशातील परौंख या लहान खेड्यात १९४५ साली जन्म, पुढे वकिली, दोन वेळा राज्यसभा, बिहारचे राज्यपालपद आणि २५ जुलै २०१७ रोजी राष्ट्रपतिपद. अनुसूचित जातीतून आलेले ते दुसरे राष्ट्रपती. त्यांच्या राजकीय पक्षाविषयी आपल्यात मतभेद आहेत, ते असावेतही. येथे तो विषय नाही. पद स्वीकारून दोन महिने होण्याच्या आत, २२ सप्टेंबर २०१७ रोजी, ते नागपुरास आले आणि दीक्षाभूमीवर नतमस्तक झाले. त्याच दिवशी त्यांनी कामठीच्या ड्रॅगन पॅलेस परिसरातील विपश्यना केंद्राचे उद्घाटन केले. ड्रॅगन पॅलेस हे विहार जपानच्या ओगावा सोसायटीच्या साह्याने १९९९ साली उभे राहिले आहे. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला ते महूला, बाबासाहेबांच्या जन्मस्थळी गेले.

त्यांचा रायगडचा दौरा आपल्या जिल्ह्यातील, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. दिवस होता ६ डिसेंबर २०२१. महापरिनिर्वाण दिनीच राष्ट्रपती छत्रपती शिवरायांच्या समाधीस वंदन करण्यास रायगडावर आले. या दौऱ्याआधी एक प्रश्न उभा राहिला होता. गडावर हेलिकॉप्टर उतरले तर होळीच्या माळावरील महाराजांच्या पुतळ्यावर धूळ-माती उडते, असा शिवप्रेमींचा आक्षेप होता. राजशिष्टाचाराचा आणि सुरक्षेचा विचार केला तर हेलिकॉप्टर सर्वांत सोयीचे. पण राष्ट्रपतींनी लोकांच्या भावनेचा मान राखला. हेलिकॉप्टर पाचाडला उतरले आणि देशाचे राष्ट्रपती आपण सारे जातो तसे रोपवेने गडावर गेले. आम्हांस या दौऱ्यातील हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. पदाचा मान कोठे थांबवावा हे पदावरच्या माणसाला कळले तर त्या पदाचे वजन वाढतेच. (पनवेलपासून महाडपर्यंतचा महामार्ग मात्र या दौऱ्यात त्यांच्या चाकाखाली आला नाही. आला असता तर त्याचे रखडलेले काम थोडे लवकर उरकले असते, असे आमच्यासारख्या प्रवाशांना वाटल्यास नवल नाही!)

त्याच दौऱ्यात ८ डिसेंबरला त्यांनी मुंबईच्या नौदल गोदीत बाविसाव्या क्षेपणास्त्रनौका दलाला राष्ट्रपतींचे निशाण प्रदान केले. १९७१च्या युद्धात कराचीवर हल्ला चढविणाऱ्या नौकांच्या परंपरेचे हे दल आहे, आणि त्या पराक्रमास त्या वर्षी पन्नास वर्षे होत होती. निशाण म्हणजे काय, असे विद्यार्थी विचारतील. सैन्याच्या एखाद्या तुकडीच्या कामगिरीची राष्ट्राने दिलेली पावती म्हणजे निशाण. त्यासोबत पगारवाढ किंवा जमीन मिळत नाही. तरी सैनिक ते प्राणापलीकडे जपतात. ज्यांचे आजे-पणजे पलटणीत होते त्यांना हे वेगळे सांगावयास नको. बाबासाहेबांचे वडील रामजी हे सुभेदार होते. आपल्या लोकांची सैन्यभरती इंग्रजांनी पुढे बंद केली, त्या अन्यायाविरुद्ध अर्ज-विनंत्या करण्यात एक पिढी गेली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. मान नाकारला जाणे म्हणजे काय असते हे ठाऊक असलेला समाज मानाच्या चिन्हाला पोकळ म्हणताना थोडा थांबतो, तो यामुळे.

दोन महिन्यांनी कोविंद पुन्हा महाराष्ट्रात आले. ११ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांनी मुंबईत त्या वेळच्या राजभवनातील नव्या दरबार हॉलचे उद्घाटन केले, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे १२ फेब्रुवारीस, ते रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आंबडवे येथे गेले.

आंबडवे हे आंबेडकर घराण्याचे मूळ गाव. घराण्याचे आडनाव सकपाळ. गावावरून आंबडवेकर, आणि त्याचेच पुढे आंबेडकर झाले. बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीत झाला, निवृत्तीनंतर रामजी सुभेदार काही काळ दापोलीस राहिले, तेथून कुटुंब साताऱ्यास गेले. म्हणजे या गावात बाबासाहेबांचे आयुष्य गेले नाही. गावाने त्यांना फक्त नाव दिले. कोकणातील इतर खेड्यांसारखेच ते गाव आहे. डोंगराच्या कुशीत घरे, पावसाळ्यात हिरवेगार, उन्हाळ्यात पाण्याची ओढ, आणि तरुण मंडळी पोटापाण्यासाठी मुंबईत.

अशा गावात राष्ट्रपती आले. तेथील स्मारकात बाबासाहेबांच्या अस्थिकलशास त्यांनी वंदन केले. भगवान बुद्ध, माता रमाई आणि रामजी सुभेदार यांनाही पुष्पांजली वाहिली. भाषणात त्यांनी या गावाला स्फूर्तिभूमी असे नाव द्यावे असे सुचविले, आणि समता, करुणा व सलोखा हे या भूमीचे आदर्श गावोगाव पोहोचावेत असे म्हटले. ७ नोव्हेंबर या दिवसाचाही त्यांनी आवर्जून उल्लेख केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भिवाने साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला होता, आणि महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते.

एका शाळा-प्रवेशाची तारीख राष्ट्रपतींच्या भाषणात यावी, ही गोष्ट आमच्या मनात घर करून आहे. त्या शाळेत त्या मुलाला इतरांपासून वेगळे बसविले जात होते. शाळेच्या रजिस्टरातील ती एक ओळ, कारकुनाने रोजच्यासारखी लिहिलेली. लिहिणाऱ्याला तिचे मोल काय ठाऊक असणार! आम्हीही रजिस्टरे लिहितो, म्हणून आम्हांस हे विशेष जाणवते.

कोविंद यांच्याविषयी आणखी एक प्रसंग नोंदविण्यासारखा आहे. आंबडव्यास येण्याच्या सात-आठ महिने आधी, २७ जून २०२१ रोजी, ते राष्ट्रपती या नात्याने आपल्या जन्मगावी परौंखला गेले होते. हेलिकॉप्टरमधून उतरताच त्यांनी वाकून तेथील माती कपाळी लावली. गावातले आपले घर त्यांनी पूर्वीच लोकांच्या उपयोगासाठी देऊन टाकले होते. स्वतःच्या गावाची माती कपाळी लावणारा माणूस दुसऱ्याच्या मूळ गावी येतो, तेव्हा त्याला त्या गावाची किंमत निराळी सांगावी लागत नसावी.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येतो. यातून काय मिळाले? आक्षेप तीन प्रकारचे ऐकू येतात. मोठा माणूस येणार म्हणून रस्त्यावर डांबर पडते, भिंतींना चुना लागतो, आणि पहिल्या पावसात सारे पूर्ववत होते, हा पहिला. ज्या दिवशी वंदन होते त्याच दिवशी देशात कोठेतरी आपल्या माणसावर अत्याचार होत असतो, हा दुसरा. आणि तिसरा थोडा सूक्ष्म आहे. पुतळ्याला हार घालणे सोपे, पुतळ्याच्या माणसाचे म्हणणे ऐकणे कठीण. म्हणून हार घालून मोकळे होतात. तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. ते नाही म्हणणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणे होय.

परंतु याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, महाडला, सापडते असे आम्हांस वाटते. सार्वजनिक पाणवठे व वास्तू अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात संमत करून घेतला. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, शिक्के उठले, आणि पाणी मात्र कोणी भरू शकले नाही. पुढे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चालत तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली, तेव्हा कोठे त्या ठरावात जीव आला. नुसत्या शिक्क्याने काही होत नाही, हा महाडचा एक धडा. पण धडा येथे संपत नाही. त्यानंतर प्रकरण न्यायालयात गेले, दहा वर्षे चालले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. एवढी वर्षे चिकाटीने कोर्टात उभे राहण्याची गरज बाबासाहेबांना का वाटली? पाणी तर पिऊन झाले होते. आपला हक्क जाहीर रीतीने, राज्याच्या मुद्रेने, कायम झाला पाहिजे असे त्यांना वाटत होते, म्हणूनच ना? चालणारे पाय आणि उठणारा शिक्का दोन्ही लागतात. पाय आधी चालले पाहिजेत, एवढेच.

आंबडव्याचा दौरा असाच पाहावा असे आमचे मत आहे. राष्ट्रपती आल्याने आंबडवे मोठे झाले नाही. लोकांनी तेथे स्मारक उभारले, दरवर्षी जथ्थे नेले, वर्गणी काढली, आणि त्यावर मग राष्ट्राची मुद्रा उठली. ती उठल्यामुळे एक फरक मात्र पडतो. तालुक्याच्या कचेरीत त्या गावाचा अर्ज गेला तर तो कोठल्या गावाचा, हे आता सांगावे लागत नाही. त्या ओळखीचा उपयोग पाण्यासाठी, शाळेसाठी, रस्त्यासाठी करून घेणे हे गावाच्या आणि आपल्यासारख्या संस्थांच्या हातात आहे. दिल्लीहून कोणी येऊन ते करणार नाही, आणि राष्ट्रपतींना तो अधिकारही नाही, हे वर आलेच आहे.

कोविंद २५ जुलै २०२२ रोजी निवृत्त झाले. त्यांच्यानंतर आलेल्या द्रौपदी मुर्मू या आदिवासी समाजातून या पदावर पोहोचलेल्या पहिल्याच राष्ट्रपती. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या आवारातील बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण केले. संसदेच्या आवारातील पुतळा १९६७ सालीच, २ एप्रिल रोजी, राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते खुला झाला होता. तो घडविणारे शिल्पकार वाघ मुंबईचे. संसदेपासून न्यायालयापर्यंतचे अंतर कापण्यास छप्पन वर्षे लागली. ४ सप्टेंबर २०२४ रोजी मुर्मू यांनी लातूर जिल्ह्यात उदगीर येथील बुद्ध विहाराचे उद्घाटन केले. मुंबई नव्हे, पुणे नव्हे, नागपूरही नव्हे. मराठवाड्यातील एक तालुक्याचे गाव. ही चांगली खूण आहे असे आम्ही समजतो.

ज्या विद्यार्थ्यांना आंबडवे पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी मार्ग देऊन ठेवतो. पनवेलहून गोवा महामार्गाने वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव करीत लोणेऱ्यास यावे. बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ येथेच आहे, ते वाटेत पाहून घ्यावे. लोणेरे फाट्यावरून गोरेगाव, आंबेत, म्हाप्रळ असे मंडणगडला जाता येते. आंबेतला सावित्री नदी ओलांडावी लागते. महाडला चवदार तळ्यावर जावयाचे तर लोणेऱ्याहून महामार्गाने तसेच पुढे जावे आणि मग परत फिरावे. पावसाळा टाळावा. दापोलीजवळचे रमाईंचे माहेर वणंद हेही त्याच फेरीत करावयाचे असेल, तर एका दिवसात ओढाताण होते. मुक्काम दापोलीस ठेवावा.